समुद्राच्या तळाखालची भेग



आम्ही कामगार चळवळीतले. भूगर्भशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. मग हा विषय आम्ही का घेतला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर २६ मे १९८३ या दिवसात आहे.

त्या दिवशी भर दुपारी, जपान आणि आशिया खंड यांच्यामधील जपान समुद्राच्या तळाखाली ७.७ परिमाणाचा भूकंप झाला. नोशिरो बंदरात तेव्हा समुद्रात भिंत बांधण्याचे काम चालू होते. पहिली लाट सात-आठ मिनिटांत किनाऱ्याला लागली. सरकारी इशारा निघाला तो चौदा मिनिटांनी. लाटांनी सुमारे शंभर माणसे नेली. त्यांत नोशिरोच्या कामावरचे तीसहून अधिक कामगार होते, आणि ओगाच्या किनाऱ्यावर सहलीला आलेली १३ शाळकरी मुलेही होती.

त्या किनाऱ्यावर अशी समजूत होती की, या समुद्रात त्सुनामी येत नाही. धरणी हलली तर किनाऱ्याकडे पळावे! वास्तविक १८३३ साली याच किनाऱ्यावर मोठी लाट आली होती. पण दीडशे वर्षे माणसांची आठवण टिकत नाही. खडकाची टिकते. ती कशी, हे पाहू.

भाकरी थापताना पीठ ताणले की कड फाटते. सुमारे अडीच ते दीड कोटी वर्षांपूर्वी आशियाच्या कडेचे तसेच झाले. भूकवच ताणले गेले, पातळ झाले, त्यात भेगा पडल्या. जपानची भूमी खंडापासून दूर सरकली आणि मधल्या खोलगट भागात समुद्र शिरला. पुढे, गेल्या काही दशलक्ष वर्षांत, ताण जाऊन पूर्व-पश्चिम दाब आला. जुन्या भेगा होत्या तेथेच होत्या. ताणाच्या काळात ज्या भेगेवरून खडक खाली घसरला होता, तिच्यावरूनच तो आता वर ढकलला जातो. तळ असा एकाएकी उचलला गेला की वरचे सगळे पाणीही उचलले जाते. तीच त्सुनामी.

हे पाण्याखालचे कळते कसे? आपण मडके वाजवून घेतो, तसेच. काचेच्या जाड गोलात बसविलेली भूकंपमापक यंत्रे वजन बांधून तळाशी सोडतात. मग जहाज दाबलेल्या हवेचे बार काढीत फिरते. त्या लहरी मऊ गाळातून सेकंदाला सुमारे २ किलोमीटर, कवचाच्या कठीण खडकातून ६ ते ७, आणि त्याखालच्या प्रावरणातून ८ किलोमीटरच्या आसपास धावतात. लहर कोठे किती वेळाने पोचली, यावरून थरांची जाडी काढता येते. काम संपले की जहाजावरून ध्वनीचा संकेत देतात. वजन सुटते आणि यंत्र वर तरंगते.

या मोजणीतून असे दिसले की, उत्तरेकडील जपान द्रोणीत कवच अवघे आठेक किलोमीटर जाड, तर दक्षिणेकडील यामातो द्रोणीत त्याच्या दीडपटीहून अधिक जाड आहे. तळाची घडण जागोजागी बदलते, आणि किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात जुन्या भेगा दाटीने आहेत. १९६४ चा निइगाताचा, १९८३ चा आणि १९९३ चा, हे तिन्ही मोठे भूकंप जपान समुद्राच्या याच पूर्वेकडील कडेवर झाले. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पाला हादरविणारा भूकंपही याच कडेवरचा.

शास्त्राला भूकंपाची तारीख सांगता येत नाही. भेग कोठे आहे आणि लाट किती मिनिटांत पोचेल, याचा अंदाज मात्र देता येतो. १९९३ साली ओकुशिरी बेटावर पाच मिनिटांच्या आत लाट आली. मनुष्यहानी मोठी झाली; पण दहा वर्षांपूर्वीची लाट ज्यांना आठवत होती, ते अनेक जण इशाऱ्याची वाट न पाहता टेकडीकडे धावले आणि वाचले.

भिंत बांधणाऱ्या मजुराला भिंतीची मापे सांगतात. समोरच्या समुद्राखाली भेग आहे, जमीन हादरताच हातातले काम टाकून उंचावर जायचे, आणि त्याबद्दल मजुरी कापली जाणार नाही, हेही त्याला कामाच्या पहिल्या दिवशीच सांगितले पाहिजे. सात मिनिटांत ते शिकविता येत नाही.