लाल झालेला कोड : चीनचा मोबाइल आणि सामान्य माणूस

नववीच्या वर्गात एका मुलाने हात वर केला. "मॅडम, चीनमध्ये सरकार प्रत्येक माणसाला मार्क देतं आणि मार्क कमी पडले की रेल्वेचं तिकीटही मिळत नाही, हे खरं आहे का?" घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या व्हिडिओत त्याने हे पाहिले होते. मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरून आवाज आला, "देऊ दे ना! म्हणून तर चीन अमेरिकेला भारी पडतोय." वर्गात लगेच दोन तट पडले. काहींना चीन आदर्श वाटत होता, काहींना राक्षस. तेवढ्यात घंटा झाली. मी म्हणाले, "नीट वाचून सांगते."

त्या वाचनातून जे हाती आले, ते वाचक बंधू-भगिनींसमोरही ठेवावेसे वाटते. कारण वर्गातले हे दोन तट आपल्या घराघरांतही आहेत.

अर्धे खरे, अर्धे खोटे

प्रत्येक चिनी नागरिकाला एकच सरकारी गुणांक असतो, ही गोष्ट खरी नाही. रोंगचेंगसारख्या काही शहरांनी गुणांचे प्रयोग केले, पण ते त्या त्या शहरापुरते राहिले. खरी आणि देशभर चालणारी गोष्ट वेगळी आहे. ऐपत असूनही न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे देणे न फेडणाऱ्यांची एक यादी २०१३ पासून तिथले सर्वोच्च न्यायालय जाहीर करते. या यादीत नाव आले की विमानाचे आणि वेगवान रेल्वेचे तिकीट मिळत नाही. म्हणजे त्या व्हिडिओत धागा खरा होता, पण त्यावर विणलेले कापड खोटे होते.

सोयीची गोष्टही खरीच आहे. शेनझेन शहरातल्या टेन्सेंट कंपनीने २०११ मध्ये 'वीचॅट' सुरू केले, तेव्हा ते फक्त निरोप पाठवण्याचे साधन होते. पुढे त्यातूनच पैसे देता येऊ लागले. २०१४ च्या चिनी नववर्षाला घरातल्या मोठ्यांनी लहानांना द्यायची लाल पाकिटे मोबाइलवरून जाऊ लागली. आपल्याकडे ईदीचे पैसे मोबाइलवर यावेत, तसेच हे. भाजीवाला, डॉक्टर, वीजबिल, टॅक्सी असे सगळे व्यवहार एका पडद्यावर आले. आपल्याकडे यूपीआय २०१६ मध्ये आले, तोवर चिनी शहरांना या व्यवहाराची सवय झाली होती.

पण ज्याला मोबाइल जमत नाही, त्याचे काय? नोव्हेंबर २०२० मध्ये हुबेई प्रांतातल्या ग्वांगशुई गावी ९४ वर्षांच्या एका आजींना बँकेत आणावे लागले. सामाजिक सुरक्षा कार्ड सुरू करण्यासाठी यंत्रासमोर चेहरा दाखवणे सक्तीचे होते. नातेवाइकांनी त्यांना उचलून यंत्रापुढे धरले. तो व्हिडिओ देशभर पाहिला गेला, लोक संतापले. त्याच महिन्यात सरकारला आदेश काढावा लागला की, वृद्धांसाठी जुने मार्गही खुले ठेवा.

झेंगझोऊच्या स्थानकावर

करोनाच्या काळात, फेब्रुवारी २०२० पासून, चीनमध्ये मोबाइलवर आरोग्य कोड आला. हिरवा असेल तर फिरा, पिवळा किंवा लाल झाला तर थांबा. साथ रोखण्यासाठी लोकांनी तो स्वीकारला.

एप्रिल २०२२ मध्ये हेनान प्रांतातल्या काही ग्रामीण बँकांनी ठेवीदारांचे पैसे अडवले. अनेकांची आयुष्यभराची पुंजी त्यात होती. जूनमध्ये ते दाद मागायला प्रांताची राजधानी झेंगझोऊ इथे निघाले. तिथे पोहोचून त्यांनी कोड स्कॅन केला आणि तो लाल झाला. ना ताप, ना खोकला, ना बाधित भागातून आलेले. काहींनी तर घर सोडलेही नव्हते, दुसऱ्याने पाठवलेले कोडचे चित्र फक्त स्कॅन केले होते. तरीही लाल! रोगासाठी केलेले साधन तक्रारदारांना अडवण्यासाठी वापरले गेले होते.

या वेळी मात्र बोभाटा झाला. चीनमध्येही सरकारची बाजू घेणाऱ्या नामवंत पत्रकारांनी उघड टीका केली. चौकशीत निघाले की १,३१७ ठेवीदारांचे कोड असे लाल केले गेले होते. पाच अधिकाऱ्यांना शिक्षा झाली. पुढे १० जुलैला ठेवीदार तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या कार्यालयासमोर जमले, तेव्हा साध्या कपड्यांतल्या माणसांनी त्यांना मारहाण केली. त्यानंतर पन्नास हजार युआनपर्यंतच्या ठेवी परत देण्याची घोषणा झाली.

चूक करणारे सापडले, कारण लोकांना ओरडता आले आणि त्यांचे ओरडणे ऐकले गेले. पण जिथे ओरडताही येत नाही, तिथे काय होते?

जिथे विचारणारे कुणी नाही

याचे उत्तर पश्चिमेला, शिनजियांगमध्ये मिळते. तिथे उइगर मुस्लिम मोठ्या संख्येने राहतात. २००९ मध्ये उरुम्ची शहरात दंगल झाली. मार्च २०१४ मध्ये कुनमिंग रेल्वे स्थानकावर चाकूहल्ल्यात ३१ निरपराध माणसे मारली गेली आणि सरकारने उइगर फुटीरतावाद्यांना जबाबदार धरले. निरपराधांचा खून हा गुन्हाच आहे, त्याचे समर्थन कुणीही करू नये. पण गुन्हेगार शोधण्याच्या नावाखाली एका संपूर्ण समाजावर पाळत बसवली गेली.

'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेने तिथल्या पोलिसांचे एक ॲप उलगडून २०१९ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. कुणावर संशय घ्यायचा, याची त्यात यादीच होती. घराच्या पुढच्या दाराने न जाणारा, शेजाऱ्यांत फारसा न मिसळणारा, नेहमीपेक्षा जास्त वीज वापरणारा, मशिदीसाठी उत्साहाने वर्गणी गोळा करणारा. यातले एक तरी माणूस आपल्या मोहल्ल्यात नाही काय?

असंख्य लोक छावण्यांत गेले. ती व्यवसाय प्रशिक्षण केंद्रे आहेत, असे सरकारने सांगितले आणि डिसेंबर २०१९ मध्ये सगळे प्रशिक्षणार्थी 'उत्तीर्ण' झाल्याचे जाहीर केले. ३१ ऑगस्ट २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अहवाल आला. तिथे जे घडले ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकते, असे त्यात म्हटले आहे. चीनने तो फेटाळला. झेंगझोऊच्या ठेवीदाराला चौकशी तरी मिळाली. उइगर बापाने आपला मुलगा कुठे आहे, हे कुणाला विचारायचे?

महासत्तांची चुरस

इथे अमेरिका पुढे येते. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिने शिनजियांगमधील अत्याचारांचे कारण देऊन हिकव्हिजन, दाहुआ यांसारख्या कॅमेरे बनवणाऱ्या चिनी कंपन्यांना काळ्या यादीत टाकले. पण पुढच्याच वर्षी उघड झाले की उरुम्चीतले पाळतीचे महासंगणक इंटेल आणि एनव्हिडिया या अमेरिकी कंपन्यांच्या चिपांवर चालत होते. आणि अमेरिका स्वतः जगभराचे फोन आणि इंटरनेट कसे चाळते, ते २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने जगाला सांगितलेच होते.

खरी लढत चिपांची आहे. मे २०१९ मध्ये अमेरिकेने ह्वावे कंपनीवर निर्बंध घातले, ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रगत चिपा चीनला देणे रोखले. चीनने गॅलियम आणि जर्मेनियम या चिपांना लागणाऱ्या धातूंच्या निर्यातीवर २०२३ मध्ये बंधने आणली आणि त्याच ऑगस्टमध्ये ह्वावेने स्वदेशी चिपेचा फोन बाजारात आणला. मागच्या बाकावरच्या मुलाला जो अभिमान वाटत होता, तो इथला. चिनी अभियंत्यांची मेहनत नाकारायचे कारणही नाही.

पण या चुरशीत माणूस चिरडला जातो, दोन्हीकडे. एमआयटीतले चिनी वंशाचे प्राध्यापक गांग चेन यांना जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत अटक झाली, चीनशी असलेले संबंध लपवल्याच्या आरोपावरून. वर्षभराने सरकारनेच खटला मागे घेतला. त्यांना वकील होता, न्यायालय होते, बाजूने उभे राहणारे सहकारी होते. म्हणून ते सुटले. तरीही ते वर्ष त्यांना कोण परत देणार?

आता शेवटची गोष्ट, जी वाचून मी बराच वेळ गप्प बसले. ६ ऑक्टोबर २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत प्रस्ताव आला. शिनजियांगवर फक्त चर्चा करावी, एवढीच मागणी होती. बाजूने १७ मते, विरोधात १९, आणि ११ देश तटस्थ. विरोध करणाऱ्यांत पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, संयुक्त अरब अमिराती होते. भारत आणि मलेशिया तटस्थ राहिले. मुस्लिम देशांपैकी सोमालियासारख्या गरीब देशाने मात्र चर्चेच्या बाजूने हात वर केला. कुणाला चीनचा पैसा हवा होता, कुणाला अमेरिकेची बाजू नको होती. उइगरांचे दुःख दोन महासत्तांच्या हिशेबात हरवले.

दुसऱ्या दिवशी मुलांना हे सगळे सांगितले आणि फळ्यावर एकच वाक्य लिहिले : 'यंत्र चुकले, तर जाब कुणाला विचारायचा?' म्हटले, चीन चांगला की अमेरिका, हा प्रश्न बाजूला ठेवा. कोणत्याही देशाची प्रगती आधी या प्रश्नावर तपासा.

सकाळी भांडणारी मुले शांत होती. मग मागच्या बाकावरचाच मुलगा उठला. "मॅडम, रेशनच्या दुकानात माझ्या नानीचा अंगठा मशीनवर उमटत नाही. तिने कुणाला विचारायचं?"

आम्ही तो प्रश्न वहीत लिहून घेतला. शनिवारी चार मुले आणि मी नानींना घेऊन तहसील कार्यालयात जाणार आहोत.