डिजिटल चित्रकला: गृहपाठातून शिकताना

डिजिटल चित्रकलेच्या वर्गात सुरुवातीचा गृहपाठ अनेकदा साधा असतो: एक फळ, एकाच बाजूचा उजेड आणि फक्त राखाडी छटा. रंग बाजूला ठेवले की उजेड-सावली नीट कळते. मग लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे पारदर्शक थर, येतात. रेखाटन, रंग आणि सावली वेगवेगळ्या लेयरवर ठेवली, तर एक चूक सुधारताना बाकीचे चित्र बिघडत नाही.

पोस्टर करताना छपाईचे भान लागते. ए-४ कागदावर ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) छापायचे, तर सुमारे २४८० × ३५०८ पिक्सेल हवेत. पडद्यावरचे रंग आरजीबी (लाल, हिरवा, निळा) उजेडातून बनतात, छपाईचे सीएमवायके (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा) शाईतून; शाईला तितके झगझगीत रंग जमत नाहीत. म्हणून पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर फिका पडतो.

सरावासाठी 'क्रिटा' हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. प्रत्येक गृहपाठाची लेयरसहित मूळ फाइल जपा आणि शिक्षकांनी सुचवलेली दुरुस्ती त्याच फाइलमध्ये करून पाहा.