मुखड्याचं पहिलं अक्षर

आजीची भजनाची वही आता माझ्याकडे आहे. तिच्या शेवटच्या पानांवर आजीनं सूची केली आहे. अक्षर, त्याखाली धृपदाचे पहिले दोन-तीन शब्द, पुढे पानाचा आकडा. भजनाला वेगळं नाव नसतंच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मराठीत आणि हिंदीत हजारो भजनं रचली, पण सामुदायिक प्रार्थनेनंतर "कोनतं म्हनू?" असं विचारलं की समोरचा सुरुवातीचे शब्द गुणगुणून दाखवतो. तुकोबांच्या साडेचार हजारांवर अभंगांतून हवा तो काढायचा, तर गाथेतही अकारविल्हे सूचीच कामी येते.

सुरुवातीच्या आवाजावर गाणं पकडायचं, हे आम्ही भेंड्यांत शिकलो. उन्हाळ्यात लाईन गेली की अंगणात बाजा पडत आणि दोन पार्ट्या बसत. शेवटी 'ण' आला तर अडत नसे. वऱ्हाडात पाण्याचं 'पानी' होतं, म्हणून 'न' घ्यायचा. भांडण व्हायचं ते 'ळ'वरून. शहरातली भावंडं म्हणत 'ल' घ्या. आजी म्हणे, "आपन डोये म्हनतो नं? मंग य घे ना बाप्पा!" अक्षर काय लिहिलं आहे यापेक्षा कानाला काय ऐकू येतं, हा तिचा नियम होता. तो मला आजही बरोबर वाटतो.

जपानी मुलंही भेंड्या खेळतात. त्या खेळाला 'शिरितोरी' म्हणतात. शब्दाच्या शेवटच्या आवाजानं पुढचा शब्द सुरू करायचा, आणि ज्याचा शब्द 'न्'वर संपला तो हरला, कारण त्या अक्षरानं जपानी शब्द सुरूच होत नाही. आपल्या 'ळ'चीच ही अडचण. आपण त्यावर तोड काढली, त्यांनी हार मानायची ठरवली.

हाच कान पुढे कराओकेच्या खोलीत आला. कोबे शहरातल्या इनोउए दाइसुके या वादकानं १९७१ साली गायकाविना नुसती साथ वाजवणारं, नाणं टाकून चालणारं यंत्र तयार केलं. 'कारा' म्हणजे रिकामा, 'ओके' हा ऑर्केस्ट्राचा तुकडा. टचस्क्रीन येण्याआधी अशा खोलीत टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाड गाण्यांची पुस्तकं असत. गाणी शीर्षकाच्या पहिल्या आवाजानुसार लावलेली. शीर्षक चिनी चित्राक्षरांत असलं तरी जागा ठरायची ती उच्चारावरून. चित्राक्षराचा उच्चार ठाऊक नसेल, तर गाणं पुस्तकात असूनही सापडायचं नाही. साकामोतो क्यू यांचं १९६१ सालचं 'उए ओ मुइते आरुकोऊ' जपानात 'उ'खाली मिळतं. अमेरिकेत १९६३ साली तेच गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, पण 'सुकियाकी' या नावानं. सुकियाकी हा खाण्याचा पदार्थ. गाण्याशी त्याचा काहीएक संबंध नाही.

त्या पुस्तकांतला क्रम मात्र वाचून पाहा: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ही आपली वर्णमालाच आहे! बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकत, त्या अभ्यासातून सुमारे हजार वर्षांपूर्वी हा क्रम जपानात रुजला. 'च'च्या जागी 'स' आहे, कारण त्या काळी त्याचा उच्चार 'च'च्या जवळचा असावा. 'प'च्या जागी 'ह' आहे, कारण आजचा 'ह' मुळात 'प' होता. तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले, तेव्हा तिथली मुलं शाळेत याच क्रमानं अक्षरं घोकत होती.

या क्रमाचा वऱ्हाडातला एक जुना आणि सुंदर उपयोग सापडतो तो मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला. तेराव्या शतकात तिथे महदाइसा होती, महानुभाव पंथातल्या गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या कौतुकात धवळे गाणारी आद्य मराठी कवयित्री. तिचं आणखी एक काव्य आहे, 'मातृकी रुक्मिणी स्वयंवर'. मातृका म्हणजे मुळाक्षरं. वर्णमालेतली अक्षरं क्रमानं घेऊन तिनं रुक्मिणीची कथा गुंफली. रुक्मिणीचं माहेर कौंडिण्यपूर याच अमरावती जिल्ह्यात, वर्धेच्या काठी. आपण गाणी रचून झाल्यावर ती अक्षरांखाली लावतो. महदाइसेनं अक्षरांनाच गाणं चालवायला लावलं. छापखाना नसलेल्या काळात, पाठांतरावर जगणाऱ्या काव्याला 'क' झाला की 'ख' हा केवढा आधार! पुढचं कडवं विसरलं तरी त्याचं पहिलं अक्षर हाताशी असायचं.

अमरावती-अकोल्याकडे आता कराओकेवर जुनी सिनेगीतं गाणारे पुष्कळ झाले आहेत. ट्रॅक शोधायचा तर मोबाइलवर मुखड्याचे शब्द टाइप करायचे, बहुतेकदा रोमन लिपीत. तिथे 'ल' आणि 'ळ' एकच होऊन जातात.

आजीची सूची मी यंदा संगणकावर उतरवायला घेतली. विठ्ठलाचं एक भजन हवं होतं, म्हणून 'व' काढला. तिथे एकही नाही. वही भिजून पानं गेली असावीत असं वाटलं आणि फार हळहळलो. मग सुरुवातीपासून एकेक अक्षर वाचत आलो, तर विठ्ठलाची सगळी भजनं 'इ'खाली ओळीनं उभी होती. आजी आयुष्यभर त्याला इठ्ठलच म्हणाली.