काचेवरची गुहा आणि मामांचा पडदा

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली वाक्यं फारशी बदललेली नाहीत.)

आजचा भाग भामरागडहून, घरून. मागे जो आवाज येतोय तो पावसाचा आहे. पर्लकोटेला पूर आलाय, रस्ता बंद, नेटवर्क गायब. लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवलेला एकच सिनेमा होता, तो बाबांसोबत दोनदा बघून झाला. ‘डेंजर: डायबोलिक’, 1968 सालचा, दिग्दर्शक मारिओ बावा.

डायबोलिक म्हणजे मुखवटा घालणारा चोर. अँजेला आणि लुचियाना जुसानी या दोन बहिणींनी 1962 मध्ये इटलीत त्याचं कॉमिक्स सुरू केलं. सिनेमात तो चोरी करतो, पोलीस मागे लागतात, तो निसटतो. गोष्ट एवढीच. खरी मजा ती दिसते कशी यात आहे.

आधी रंग. सुरुवातीच्या दरोड्यात धूरसुद्धा रंगीबेरंगी आहे. मग चौकट. बावा कॅमेऱ्यासमोर कधी कपाटाचे कप्पे आणतो, कधी गाडीचा आरसा. पडद्याचे आपोआप तुकडे पडतात, कॉमिक्सच्या पानावर असतात तसे. आणि डायबोलिकचा जमिनीखालचा भव्य अड्डा? त्यातला बराचसा भाग बांधलेलाच नाही. काचेवर चित्र रंगवायचं, कापलेली चित्रं चिकटवायची आणि ती काच कॅमेऱ्यासमोर धरायची. आपल्याला अख्खी गुहा दिसते.

यातली गंमत बघा. सिनेमात डायबोलिक पाळतीच्या कॅमेऱ्यासमोर खोलीचा फोटो लावतो आणि पहारेकऱ्यांना फसवतो. म्हणजे चोर पहारेकऱ्यांना जे करतो, तेच बावा आपल्याला करतो!

अशा सिनेमांच्या मजेला ‘कॅम्प’ म्हणतात. सुझन सोंटॅगचा यावरचा गाजलेला निबंध 1964 चा. माझ्या भाषेत सांगायचं तर: खोटं आहे हे सगळ्यांना माहीत, तरी करणारा जीव ओतून करतो. 1966 च्या ‘बॅटमॅन’मध्ये अ‍ॅडम वेस्टच्या पायाला शार्क लटकलाय आणि तो हेलिकॉप्टरच्या शिडीवरून शार्क पळवायचा स्प्रे मागतो. चेहरा एकदम गंभीर! तो स्वतः हसला असता तर सगळी मजा गेली असती.

डायबोलिकचा अड्डा बघून बाबा म्हणाले, “पडदा बढिया रंगवला ना बे! आपल्या नाटकातल्यावानी.”

मी गप्प झालो. आपलं नाटक म्हणजे झाडीपट्टी. जे ऐकणारे इकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागातली ही रंगभूमी. मुख्य ठाणं वडसा. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, नाटक रात्रभर चालतं, गाणी-वाद्यं समोरच वाजतात. 2023 मध्ये परशुराम खुणेंना याच कामासाठी पद्मश्री मिळाली.

माझे मामा त्यात खलनायक करायचे. लाल झगा, काजळाच्या मिशा, मागे रंगवलेलं जंगल. आणि खरं जंगल मंडपाच्या बाहेर, शंभर पावलांवर! लहानपणी मला दोन्ही जंगलांची भीती वाटायची.

बीटेकला असताना होस्टेलमध्ये मी मामांचा व्हिडिओ दाखवला. पोरं लोळून हसली. मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसलो, आणि हे माझे मामा आहेत हे सांगितलंच नाही. नंतर मामांनी फोनवर विचारलं, “आवडलं का रे तुझ्या दोस्तांना?” मी म्हटलं, “हो, खूप.”

त्याच होस्टेलमध्ये आम्ही ‘डायबोलिक’ही पाहिला होता. त्यावर मात्र “काय स्टाइल आहे यार!” असं आम्ही म्हणत होतो. काचेवरची गुहा म्हणजे कला आणि कापडावरचं जंगल म्हणजे विनोद, हे मी कधी ठरवलं, मला आठवत नाही.

हसू नका असं मी म्हणत नाही. हसायचंच आहे. झाडीपट्टीचे प्रेक्षकही खलनायकाला हसतात, शिव्या घालतात आणि पहाटेपर्यंत उठत नाहीत. ते हसणं मामांना चालायचं. माझं चाललं नसतं.

पूर ओसरला, नेटवर्क आलं की हा भाग अपलोड होईल. लिंक सगळ्यात आधी मामांना पाठवतोय.