भिंतीच्या पायाशी खोदताना

रिटेनिंग वॉल उभी राहते ती स्वतःच्या वजनावर, तळाशी जमिनीच्या घर्षणावर आणि पुढून पायाला टेकलेल्या मातीवर. शेजारच्या प्लॉटवर तळघराचा खड्डा घेतला की हा तिसरा आधार निघून जातो. सातबाऱ्यावर ती माती नव्या मालकाची असली, तरी काम ती जुन्या भिंतीचे करत असते. पायापुढे एक मीटर माती होती आणि अर्धा मीटर उरली, तर तिचा आधार निम्मा नव्हे, पाव राहतो.

मागचा रेटा मात्र कायम असतो. तीन मीटर उंच भिंतीमागे कोरडा मुरूम असेल, तर दर मीटर लांबीवर साधारण पावणेतीन टन रेटा येतो. त्याच मुरमात पाणी काठोकाठ साचले की तो दुपटीवर जातो. म्हणून खोदाईआधी भिंतीतली वीपहोल्स मोकळी करावीत; प्लास्टर करताना ती अनेकदा लिंपून टाकलेली असतात. त्यांतून स्वच्छ पाणी येत असेल तर निचरा नीट चालू आहे. पाणी गढूळ होऊ लागले, तर मागची माती वाहते आहे आणि काम त्याच क्षणी थांबवायला हवे.

पाया किती खोल आहे हे जुन्या नकाशावरून गृहीत धरू नये. हाताने छोटा चाचणी खड्डा घेऊन तो डोळ्यांनी पाहावा. भिंतीवर आधीच तडे असतील, तर त्यांवर काचेची पट्टी सिमेंटने आडवी बसवून तारीख घालतात. पट्टी तडकली, की भिंत हलली. ओळंब्याची नोंद रोज घ्यावी, पावसात दोनदा.

उतार देऊन खोदण्याचा मार्ग इथे नसतो, कारण तेवढी जागाच नसते. खड्डा भिंतीच्या पायाखाली जाणार असेल, तर आधी कडेने पाइलची रांग उतरवणे उत्तम. खोली बेताची असेल, तर भिंतीलगतची माती ठेवून मधला भाग खोदतात आणि कडेची माती मीटर-सव्वा मीटरच्या तुकड्यांत, एक सोडून एक, काढतात. एका तुकड्यात नवी भिंत ओतून ती पक्की झाली, की मगच शेजारचा तुकडा उघडायचा. पोकलेन लावून सगळी लांबी एका दिवसात मोकळी करण्याचा मोह मोठा असतो, पण तो टाळलाच पाहिजे. निघालेली माती आणि खडीचे ढीग भिंतीच्या माथ्यावर टाकणे म्हणजे रेट्यात आपल्या हाताने भर घालणे.

मजुरांच्या झोपड्या अशा भिंतीच्या पडछायेत कधीही नसाव्यात. पुण्यात कोंढव्यात २९ जून २०१९ च्या पहाटे पावसात सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरील झोपड्यांवर कोसळली. झोपेत असलेली १५ माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती.

तळघराचा स्लॅब पडून काँक्रीटला ताकद येईपर्यंत तात्पुरते धीरे काढू नयेत. दोन भिंतींमधली फट वीतभर जाडीच्या थरांनी, प्रत्येक थर धुमसून भरावी.