संगणकवाल्यांच्या सभेत माल कसा दाखवावा?

तीस वर्षे कापडाच्या दुकानात थान उलगडणाऱ्या माणसाने संगणकाच्या सभेविषयी लिहावे, याचे काही वाचक बंधूंना नवल वाटेल. माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि संगणकाशी माझा संबंध बिलापुरताच आहे. परंतु आता आपल्या घराघरांतील मुले या क्षेत्रात शिरत आहेत. हुनर त्यांच्याकडे आहे, पण चार लोकांसमोर उभे राहून तो मांडायची वेळ आली की पाय लटपटतात. म्हणून घरातील एका प्रसंगावरून मला जे समजले, ते येथे मांडत आहे.

माझा भाचा नाशिकमध्येच अभियांत्रिकी शिकला. सॉफ्टवेअर बनविणाऱ्या तरुणांच्या एका सभेत त्याला वीस मिनिटे बोलायचे होते. आठवडाभर आधी तो लॅपटॉप घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, "मामू, तुम्ही ऐका. तुम्हाला समजले तर तिथे सर्वांना समजेल."

ही सभा असते तरी काय?

जकार्डच्या मागासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोके पाडणारा कारागीर आपल्याला ठाऊक आहे. कोणता धागा उचलायचा, हे तो भोकांतून मागाला सांगतो. फ्रान्समध्ये जकार्ड नावाच्या कारागिराने 1804 च्या सुमारास ही युक्ती तयार केली. सॉफ्टवेअर डेव्हलपरही तेच काम करतो. तो यंत्राने काय करायचे त्याचा हुकूम लिहितो, फक्त त्याची पट्टी पुठ्ठ्याची नसते.

हे लोक वेळोवेळी एकत्र जमतात. तेथे प्रत्येक वक्ता आपण काय बनविले, कसे बनविले आणि कोठे अडलो ते सांगतो. त्याला ते 'टॉक' म्हणतात. बोलण्याची इच्छा असणाऱ्याला आधी दोन-चार ओळींचा प्रस्ताव पाठवावा लागतो. तो आयोजकांना पसंत पडला तर वीस-तीस मिनिटे मिळतात आणि शेवटी प्रश्नोत्तरे होतात. काही सभांत पाच मिनिटांची छोटी भाषणेही असतात. नवख्यासाठी ती उत्तम सुरुवात होय.

ऐकणारे गिऱ्हाईक नसतात, जाणकार कारागीर असतात. म्हणून तेथे नुसती तारीफ चालत नाही. बोट लावून पोत पाहणारी ही माणसे आहेत.

सतराव्या स्लाईडवरचा ऐब

भाच्याने बनविलेली वस्तू आपल्याच धंद्यातली होती. मालेगावच्या यंत्रमागांवरून कोरा माल येतो, तेव्हा त्याबरोबर हाताने लिहिलेली चिठ्ठी येते: किती थान, किती मीटर. पुष्कळ चिठ्ठ्यांवर उर्दू आकडे असतात. भाच्याचा प्रोग्राम मोबाईलने चिठ्ठीचा फोटो काढून ते आकडे वाचतो आणि हिशेबात चढवतो.

त्याने मला एकवीस स्लाईड दाखविल्या. पहिल्या सोळांत वस्तूची तारीफ होती. सतराव्या स्लाईडवर, सर्वांत खाली, बारीक अक्षरांत एक ओळ होती की काही आकडे ओळखण्यात चूक होऊ शकते.

मी विचारले, "कोणते आकडे?"

तो जरा थांबला. "उर्दूतले दोन आणि तीन, मामू. घाईत लिहिले की सारखे दिसतात."

वाचक बंधूंना याचा अर्थ सांगायला नको. दोनशे मीटरचे तीनशे झाले तर व्यापारी बुडाला आणि तीनशेचे दोनशे झाले तर विणकराची मजुरी गेली. आम्ही दुकानातील 40 जुन्या चिठ्ठ्या काढून लगेच पारख केली. पाच चुकल्या.

"हे सुरुवातीलाच सांग," मी म्हणालो.

"मग कोण ऐकेल?" तो म्हणाला.

त्याची भीती मला परकी नव्हती. धंद्याच्या सुरुवातीला मी एका व्यापाऱ्याला कच्च्या रंगाचा माल काही न बोलता दिला होता. तो भांडायला आला असता तर बरे झाले असते. तो पुन्हा दुकानाची पायरीच चढला नाही.

1920 आणि 3

हे केवळ दुकानदाराचे शहाणपण नव्हे. बारीक अक्षरांतल्या ओळीची किंमत जगाने मोजली आहे.

16 जानेवारी 2003 रोजी अमेरिकेचे 'कोलंबिया' यान अंतराळात गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा हिशेब करून वरिष्ठांपुढे स्लाईड ठेवल्या. एका महत्त्वाच्या स्लाईडचा मथळा दिलासा देणारा होता. खरी गोष्ट अगदी तळाशी होती. ज्या चाचण्यांच्या आधारावर तो दिलासा होता, त्यांतला तुकडा 3 घन इंचाचा होता, आणि प्रत्यक्ष आदळलेला तुकडा अंदाजे 1920 घन इंचाचा. म्हणजे 640 पट मोठा! चिंधी धुऊन संपूर्ण थानाच्या रंगाची हमी देण्यासारखे हे झाले.

वरिष्ठांनी धोका गंभीर मानला नाही. 1 फेब्रुवारी 2003 रोजी परत येताना यान तुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. कारणे अनेक होती. परंतु त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी अहवालाने त्या स्लाईडचीही दखल घेतली आणि गंभीर तांत्रिक माहिती अशा रीतीने मांडण्याच्या सवयीवर टीका केली. त्या स्लाईडमध्ये खोटे काही लिहिलेले नव्हते. खरे होते, पण ते जेथे कोणी पाहत नाही तेथे होते.

नाशिकच्या मुलाची चटई

आता आपल्या गावचे उदाहरण पाहू. त्याच ऑगस्टमध्ये, 27 तारखेला, नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन 39 भाविकांचा जीव गेला. पुढचा सिंहस्थ 2015 मध्ये होता. त्याच्या तयारीच्या काळात येथे 'कुंभथॉन' नावाची शिबिरे भरली. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेच्या एमआयटी मीडिया लॅबमधील शास्त्रज्ञ रमेश रासकर हे त्यामागे होते. तरुणांनी शहराच्या अडचणी शोधायच्या, त्यांवर वस्तू बनवायच्या आणि जाणकारांपुढे मांडायच्या, असा तो उपक्रम होता.

त्यातून नाशिकच्या निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने साथीदारांसह 'आशिओतो' हे यंत्र तयार केले. या जपानी शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. जमिनीवर अंथरलेल्या चटईवर पाऊल पडले की दाब मोजला जातो आणि किती माणसे गेली ती संख्या संगणकावर पोहोचते. कोठे गर्दी साचते आहे हे वेळेवर कळावे, हा हेतू. पुढे निलयने ही हकिगत 'टेड' या जगप्रसिद्ध मंचावर सांगितली.

तांत्रिक भाषण कसे असावे याचा तो उत्तम नमुना होय. त्याने सुरुवात यंत्रापासून केली नाही, माणसांच्या अडचणीपासून केली. पहिला नमुना पुठ्ठा आणि ॲल्युमिनियमच्या कागदाचा होता, हे सांगताना तो लाजला नाही. लोक रंगीत पट्टीला घाबरत आणि शॉक बसेल का असे विचारत. काही जण तर उडी मारून पलीकडे जात. म्हणून वर काळे रबर घातले. रुंदी 18 इंच ठेवली, कारण माणसाच्या पावलाच्या अंतराशी ती जुळते. जाडी 12 मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवली नाही, नाहीतर लोक अडखळून पडतील आणि जी टाळायची तीच चेंगराचेंगरी होईल. प्रत्येक मापामागे कारण, आणि बहुतेक कारणांमागे एखादी फसलेली खटपट. शेवटी, केवळ आपल्या चटईमुळे दुर्घटना टळली असा दावा त्याने केला नाही. इतर गोष्टींबरोबर तिचीही मदत झाली, एवढेच म्हटले. अशा बोलण्यावर विश्वास बसतो.

तयारीची सात कलमे

भाच्याबरोबर त्या आठवड्यात जी तयारी केली, त्यातून पुढील गोष्टी हाती लागल्या. ज्यांच्या घरात अशी मुले आहेत त्यांनी त्या जरूर वाचून दाखवाव्यात.

1. प्रस्तावात तीन गोष्टी लिहा: अडचण कोणाची, आपण काय केले, ऐकणारा काय घेऊन जाईल. आपली डिग्री आणि तारीफ नंतर.

2. अडचण खऱ्या वस्तूने दाखवा. भाच्याने पहिल्याच स्लाईडवर एका चुरगळलेल्या चिठ्ठीचा फोटो लावला आणि हा आकडा दोन आहे की तीन, असे सभेलाच विचारायचे ठरविले.

3. ऐब सुरुवातीच्या चार-पाच मिनिटांत सांगा, मोठ्या अक्षरांत आणि आकड्यासह. "कधी कधी चूक होते" हे सांगणे नव्हे. "40 पैकी 5 चुकल्या" हे सांगणे होय.

4. स्लाईड म्हणजे खतावणी नव्हे. एका स्लाईडवर एकच गोष्ट ठेवा. प्रोग्रामच्या ओळी दाखवायच्या तर आठ-दहा पुरेत, आणि त्या शेवटच्या रांगेतूनही वाचता आल्या पाहिजेत. एकवीसच्या आम्ही अकरा केल्या.

5. वस्तू चालवून दाखवा, पण सभागृहाच्या इंटरनेटवर विसंबू नका. 9 डिसेंबर 1968 रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात दीड तास संगणक चालवून दाखविला. माउस तेव्हा प्रथमच लोकांपुढे आला. त्यांचा संगणक मात्र कित्येक मैल दूर होता. त्यासाठी त्यांनी जोडणीची खास व्यवस्था केली होती. आपल्याकडे तसे साधन नसते, म्हणून वस्तू चालतानाची चित्रफीत आधीच काढून सोबत ठेवावी.

6. या विषयातले काही न कळणाऱ्यासमोर दोनदा, घड्याळ लावून, मोठ्याने बोला. तो जेथे जांभई देतो तेथे कात्री चालवा.

7. प्रश्न आला की आधी तो सर्वांना ऐकू जाईल असा पुन्हा उच्चारा. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, पाहून सांगतो" असे म्हणा. त्याने अब्रू जात नाही. ठोकून दिलेल्या उत्तराने जाते.

भाषेविषयी वेगळे सांगितले पाहिजे. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलांना वाटते की फर्डे इंग्रजी नसेल तर तेथे उभे राहण्यात अर्थ नाही. अशा सभांत तांत्रिक शब्द इंग्रजीच असतात आणि ते मुलांना ठाऊक असतात. बाकीची वाक्ये साधी, छोटी ठेवली तर कोणी व्याकरण तपासत बसत नाही. आयोजकांना आधी विचारून मराठीत किंवा हिंदीतही बोलता येते. भाच्याने विचारले. त्यांनी आनंदाने होकार दिला.

सभेच्या दिवशी

मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. मध्येच इंटरनेट गेले. भाच्याने चित्रफीत लावली. पहिल्या दोन मिनिटांत त्याचा आवाज कापत होता. पण चिठ्ठीचा फोटो पाहून निम्म्या सभेने दोन म्हटले, निम्म्याने तीन, आणि सगळे हसले. मग त्याने स्वतःच सांगितले, "माझा प्रोग्रामही येथेच फसतो. 40 पैकी 5."

कोणी उठून गेले नाही. उलट प्रश्नोत्तरांचा सगळा वेळ त्या पाच चिठ्ठ्यांवर गेला. एका मुलीने सुचविले की शंका असेल तेथे प्रोग्रामने अंदाज करूच नये. थांबून माणसाला विचारावे. दुसऱ्याने म्हटले, चिठ्ठीवर थानागणिक मीटर आणि एकूण बेरीज दोन्ही असतात, मग बेरीज जुळवून चूक का पकडत नाही? हा तर आपल्या मुनीमजींचा जुना उपाय! भाच्याने दोन्ही सूचना तेथेच वहीत टिपून घेतल्या.

परतताना तो म्हणाला, "मामू, ती ओळ सतराव्या स्लाईडवर राहिली असती तर यातले काहीच मिळाले नसते."

प्रोग्राम अजून पूर्ण झालेला नाही. आकड्याची शंका आली की तो आता थांबतो आणि विचारतो. सध्या माझ्या दुकानात त्याच्यासोबत वहीही चालू आहे. ज्या दिवशी विणकर स्वतः म्हणेल की हिशेब बरोबर आहे, त्या दिवशी वही मिटू.