बेटभर रास

त्रिपुरी पौर्णिमेला आपल्याकडे देवळांतल्या दीपमाळा उजळतात. त्याच सुमारास आसामात, ब्रह्मपुत्रेच्या पात्रातल्या माजुली बेटावर गावोगाव मंच उभे राहतात आणि प्रत्येक मंचावर एकच गोष्ट रंगते: कृष्णाची. एका गावात पूतना मरत असते तेव्हा दुसऱ्या गावात कालियामर्दन चाललेलं असतं! अशा तीन-चार रात्रींचा हा रास. प्रेक्षकांतला मुलगा पुढच्या वर्षी गोपबाळ होऊन मंचावर चढतो.

या साऱ्याच्या मुळाशी शंकरदेव (१४४९–१५६८). भक्ती निरक्षरांपर्यंत पोचावी म्हणून या संतानं नाटकं लिहिली. रासक्रीडेवरचं ‘केलिगोपाल’ त्यांचंच. त्यांच्या पंथाच्या मठांना सत्र म्हणतात. सत्रातले भकत, म्हणजे तिथले साधक, नामस्मरणाइतक्याच निष्ठेनं खोल हे तालवाद्य वाजवायला आणि नाचायला शिकतात. इथल्याच सत्रिया नृत्याला संगीत नाटक अकादमीनं २००० साली शास्त्रीय नृत्याचा मान दिला.

मला मात्र खरी भुरळ पडते ती सामागुरी सत्रात या नाटकांसाठी घडणाऱ्या मुखवट्यांची. आधी बांबूच्या बारीक कामट्यांचा षट्कोनी जाळीचा सांगाडा विणतात. त्यावर चिकणमातीत भिजवलेलं कापड चढवतात, मग शेण-मातीच्या लेपातून नाक, भुवया, सुळे उठवतात. वाळल्यावर बांबूच्या पातीनं घासून गुळगुळीत करतात आणि रंगवतात. आत पोकळ जाळीच असल्यानं एवढा अक्राळविक्राळ राक्षस पेलवतो, श्वासही घेता येतो. काहींचा जबडा संवादाबरोबर हलतो. काही तर डोक्यापासून धडापर्यंत अख्खा नट झाकून टाकतात. या कलेसाठी मुखवटेकार हेमचंद्र गोस्वामींना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

मुखवट्यांची ही माती नदीनंच आणून घातलेली, आणि तीच नदी बेट कुरतडते आहे. १५ ऑगस्ट १९५०च्या महाभूकंपानंतर पात्र गाळानं उथळ झालं, काठ अधिकच ढासळू लागले. बेटाचा निम्म्याहून अधिक भाग गेला. कित्येक सत्रांना बेट सोडून पलीकडच्या काठावर जावं लागलं. उरलेल्या माजुलीवर दर कार्तिकात मंच उभे राहतातच. इतकी चिवट भक्ती मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

जायचं असेल तर जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून दिवसाउजेडी फेरीबोट पकडा, आणि मुक्कामाची सोय आधीच करून ठेवा. रासच्या दिवसांत बेटावर खोली मिळणं कठीण असतं.